एक केबल, दोन ट्यूनर: राजापूर तालुक्यातील एका घराचे प्रकरण

राजापूर तालुक्यातील एका वाडीत, निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी असे दोघेच राहतात त्या कौलारू घरात, कंपनीच्या यादीतला सर्वांत महागडा सेट टॉप बॉक्स मे महिन्यात बसवला गेला, आणि त्यानंतरचा जवळजवळ सगळा पावसाळा त्या घरात टीव्ही पाहण्यापेक्षा टीव्हीविषयीच्या तक्रारी नोंदवण्यातच अधिक गेला. बॉक्स मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाने घेऊन दिला होता. गणपतीत घर भरले की एकाला क्रिकेट हवे असते, दुसऱ्याला मालिका हवी असते आणि तिसऱ्याला आरतीच्या वेळी चुकलेला भाग रात्री पाहायचा असतो. म्हणून त्याने एक वाहिनी चालू असताना दुसरी रेकॉर्ड करणारा, दोन ट्यूनरचा, म्हणजे वाहिनी पकडणारे दोन भाग असलेला, आत ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला एचडी बॉक्स निवडला आणि त्याच्या जोडीला ४३ इंची फोरके टीव्ही घेतला. डिशची जुनी छत्री आणि जुनी केबल चांगल्या स्थितीत असल्याचे गृहीत धरून ती तशीच ठेवण्यात आली. पुढच्या सर्व घटनांचे मूळ या शेवटच्या निर्णयात आहे.

डिश आणि इन्व्हर्टरची कामे करणारा म्हणून मला बोलावणे आले तेव्हा श्रावण निम्मा सरला होता. तोपर्यंत कंपनीचा माणूस अनेकदा येऊन गेला होता, रिमोट बदलून झाला होता, बॉक्सही एकदा बदलून झाला होता आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी पावसाकडे बोट दाखवण्यात आले होते. पाऊस हे कोकणात फार सोयीचे कारण आहे, कारण ते चार महिने कधीच खोटे ठरत नाही. गुरुजींची तक्रार मात्र एका वाक्याची होती: ‘सिग्नल जातो.’ अशा प्रकरणात पहिले काम छत्रीवर चढण्याचे नसते, हे वाक्य सुटे करण्याचे असते. चित्र पूर्ण जाते की चौकोन चौकोन होऊन फुटते, सर्व वाहिन्या जातात की ठरावीकच, आणि कोणत्या वेळी. या प्रश्नांची उत्तरे गुरुजींकडे नव्हती. ती काकूंकडे होती. त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “माझी साडेसातची मालिका रेकॉर्डला लागली, की ह्यांच्या बातम्या जातात. मालिका बंद केली की येतात. मी कंपनीच्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, काकू, तसं नसतं.”

तसेच होते. ते का होते, हे समजण्यासाठी छत्रीपासून बॉक्सपर्यंतच्या केबलमधून काय वाहते ते पाहावे लागते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथून येणाऱ्या केयू बँडच्या, म्हणजे डीटीएच ज्या पट्ट्यात चालते त्या, लहरी छत्री एका बिंदूवर गोळा करते, आणि त्या बिंदूवर बसवलेले एलएनबी त्यांची वारंवारता खाली आणून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केबलमधून घरात पाठवते. आकाशात मात्र वाहिन्या दोन प्रकारांनी मांडलेल्या असतात, काही उभ्या ध्रुवीकरणात, म्हणजे लहर उभी थरथरते अशा, आणि काही आडव्या. साधे एलएनबी एका वेळी या दोहोंपैकी एकच केबलमध्ये सोडू शकते, आणि कोणते सोडायचे हे त्याला बॉक्सकडून त्याच केबलमधून वर जाणाऱ्या विजेच्या दाबावरून कळते: १३ व्होल्ट दिल्यास उभे आणि १८ व्होल्ट दिल्यास आडवे. एका ट्यूनरच्या साध्या बॉक्सला याची अडचण कधीच येत नाही, कारण पाहणारा एका वेळी एकच वाहिनी पाहतो. दोन ट्यूनरचा बॉक्स मात्र एकाच क्षणी दोन्ही मागू शकतो, आणि म्हणूनच त्याला दोन आउटपुटचे एलएनबी आणि तिथून स्वतंत्र येणाऱ्या दोन केबली लागतात. किंवा एकाच केबलवर प्रत्येक ट्यूनरला वेगळी वारंवारता नेमून देणारी खास प्रणाली लागते, आणि ती एलएनबी व बॉक्स दोघांनाही कळावी लागते.

या घरात छत्रीपासून एकच केबल येत होती. माळ्यावर, मांजराच्या जागेच्या मागे, मला अंगठ्याएवढा एक स्प्लिटर सापडला: एका बाजूने केबल आत, दुसऱ्या बाजूने दोन तुकडे बाहेर, आणि ते दोन्ही तुकडे बॉक्सच्या मागच्या दोन सॉकेटांत व्यवस्थित आवळलेले. दिसायला दोन केबली, प्रत्यक्षात एकच. असा स्प्लिटर दोन्ही बाजूंनी आलेला दाब वर जाऊ देतो, पण एलएनबीपर्यंत पोहोचतो तो त्यांतला मोठा. म्हणजे एका ट्यूनरने १३ आणि दुसऱ्याने १८ व्होल्ट दिले तर १८ची मागणी पुरी होते आणि १३ची विरते. काकूंची मालिका आडव्या ध्रुवीकरणावर होती आणि गुरुजींची बातम्यांची वाहिनी उभ्या. साडेसातला रेकॉर्डिंग सुरू होताच एलएनबी आडव्याकडे वळत असे आणि बातम्यांच्या जागी सिग्नल नसल्याची निळी पाटी येत असे. उलट दिशेने हाच दोष अधिक छुपा होता. दुपारी उभ्या ध्रुवीकरणावरचा जुना चित्रपट रेकॉर्ड होत असताना कोणी क्षणभर आडव्यावरची वाहिनी लावून परतले, तर पाहणाऱ्याला काहीच कळत नसे. रात्री चित्रपट पाहताना मात्र मधलाच तुकडा गायब असे, आणि दोष हार्ड डिस्कवर जात असे. बॉक्स बदलला गेला तो याच संशयावरून.

खात्री करून घेणे सोपे होते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचे पान उघडले की दोन पट्टे दिसतात, एक स्ट्रेंथचा आणि दुसरा क्वालिटीचा. मालिकेचे रेकॉर्डिंग चालू ठेवून बातम्यांची वाहिनी लावली, तेव्हा स्ट्रेंथचा पट्टा जसाच्या तसा भरलेला राहिला आणि क्वालिटीचा पट्टा शून्यावर आला. रेकॉर्डिंग थांबवताच दोन्ही भरले. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून काहीतरी येत आहे. क्वालिटी म्हणजे जे हवे तेच येत आहे. कंपनीच्या माणसाने प्रत्येक वेळी पहिलाच पट्टा पाहिला असावा, आणि तो पट्टा पाहून ‘सिग्नल चांगला आहे’ असे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. त्याच्यावर फार ठपका ठेवावा असे मला वाटत नाही. बसवण्याच्या कामाला कंपन्या नगावर पैसे देतात, दिवसाला अनेक घरे गाठायची असतात, आणि कौलारू घरात दुसरी केबल ओढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम असते. ठपका ठेवायचाच तर तो महागडा बॉक्स विकताना ‘दोन केबली लागतील’ हे वाक्य न उच्चारणाऱ्या विक्रीवर ठेवावा. बॉक्सही स्वतः काही सांगत नाही. सुरुवातीच्या मांडणीत ‘दोन केबली जोडल्या आहेत का’ असे तो विचारतो, कोणी ‘हो’ म्हटले की ते मान्य करतो आणि पुन्हा तपासत नाही.

दुसरी केबल टाकायची ठरल्यावर पहिली केबलही तपासणे ओघाने आले, आणि तिथे दुसरी तक्रार उलगडली. छत्री घरामागच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर होती आणि केबल तिथून वाशांवरून, कौलांखालून, माळ्यावरून अशी सुमारे ३५ मीटर फिरून येत होती. आरजी-६ जातीच्या केबलमध्ये २ गिगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला ३० डेसिबलच्या (डेसिबल हे सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे एकक) घरात घट होते, म्हणजे एवढ्या लांबीत दहा डेसिबल अशीच जातात; स्प्लिटर त्यातून आणखी तीन-चार खातो. उन्हाळ्यात हे खपून जाते. पावसात खपत नाही, कारण डिजिटल चित्र जुन्या अँटेनाच्या चित्रासारखे हळूहळू मुंग्या येत खराब होत नाही. एका मर्यादेपर्यंत ते स्वच्छ असते आणि त्या मर्यादेच्या खाली फुटून नाहीसे होते. त्या मर्यादेपासून आपण किती वर आहोत, यालाच या धंद्यात मार्जिन म्हणतात, आणि या घराचे मार्जिन मे महिन्यातच जवळजवळ संपलेले होते.

छत्रीजवळचा कनेक्टर सोडवला तेव्हा त्यातून पाणी ओघळले. मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची होती. मुलामा हिरवा पडून खालचे पोलाद गंजले होते आणि बाहेरच्या जाळीचा एक केस वाकून त्या तारेला जवळजवळ टेकला होता. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यात खाडीवरून येणारी खारी हवा मिसळलेली असते. तिथे कनेक्टरवर नुसती काळी टेप गुंडाळणे म्हणजे पाणी आत राहील अशी सोय करणे होय. या दोषाची एक खूण कोणालाही घरबसल्या ओळखता येते. सर थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चित्र परतले तर कारण आकाशात आहे. लख्ख ऊन पडल्यावरही परतले नाही तर कारण केबलमध्ये आहे. गुरुजींनी आठवून सांगितले की आषाढात एकदा चित्र सबंध दुपार आले नव्हते, आणि त्या दुपारी अंगणात कपडे वाळत घातले होते.

आकाशातले कारणही होतेच. केयू बँडची लहर अडीच-तीन सेंटीमीटर लांबीची असते आणि पावसाचे मोठे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात; शिवाय भिजलेले आकाश स्वतःही थोडा गोंगाट खाली पाठवते, त्यामुळे दुहेरी नुकसान होते. भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह पूर्व रेखांश ८३ ते १०८च्या दरम्यान आहेत, म्हणून कोकणातली प्रत्येक छत्री आग्नेयेकडे, घाटाच्या बाजूला, तोंड करून असते. घाटाकडे काळे झाले की टीव्ही जाणार, असा वाडीत ठाम समज आहे. दिशा बरोबर आहे, अंतर चुकीचे. उपग्रह क्षितिजापासून इतका वर असतो की लहर पावसाच्या थरातून, म्हणजे साधारण पाच किलोमीटर उंचीखालून, जाते ती घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आतच. घाट तिथून कितीतरी दूर राहतो. डोक्यावर पाऊस कोसळत असताना चित्र टिकते आणि अंगण कोरडे असताना जाते, त्याचा खुलासाही यातच आहे.

उपाय म्हणून ६० सेंटीमीटरची छत्री उतरवून ९० सेंटीमीटरची चढवली. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होते आणि साडेतीन डेसिबल हाती लागतात. हा फायदा बॉक्सच्या कोणत्याही बटणातून मिळत नाही. मात्र मोठ्या छत्रीची नजर अरुंद असते. लहान छत्री एखाद्या अंशाने चुकली तरी सांभाळून घेते, मोठी घेत नाही, आणि वाराही तिला अधिक धरतो. म्हणून खांब स्लॅबमध्ये चार बोल्टांनी पक्का केला, ओळंबा लावून सरळ उभा केला, आणि क्वालिटीचा पट्टा पाहत छत्री केसाकेसाने सरकवली. ओळंबा पाहून गुरुजींना हसू आले. पण खांब तिरका असेल तर डावी-उजवीकडे फिरवताना उंचीचा कोनही बदलत जातो आणि माणूस तासभर गोल फिरत राहतो. वानरांचा बंदोबस्त म्हणून एलएनबीच्या दांड्याला खालून जास्तीचा आधार दिला. छत्रीवर बसायला त्यांना आवडते आणि बसायला दांडा सर्वांत सोयीचा असतो. दोन नव्या तांब्याच्या केबली न्हाणीघराच्या भिंतीतल्या भोकातून थेट आणल्याने लांबीही निम्म्यावर आली. भोकाच्या आधी केबल खाली झोकून मग वर घेतली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी आत न येता झोळाच्या टोकाला ठिबकते. त्यानंतरही भादव्यातल्या मोठ्या सरींत चित्र जात राहिले. ते जाणारच. आधी ते साध्या पावसात जात होते आणि बराच वेळ येत नव्हते. आता जोराच्या सरीपुरते जाते.

तिसरी तक्रार मुलाची होती, आणि ती फोनवरून आली: एवढ्या पैशांत चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट का दिसते? बॉक्स एचडी होता, टीव्ही फोरके होता, पण घरात पाहिल्या जाणाऱ्या बहुतेक वाहिन्या साध्या एसडी स्वरूपाच्या होत्या. एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात आणि फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. म्हणजे एका ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके रंगवायचे असतात, आणि उरलेले एकोणीस तो अंदाजाने भरतो. त्यात बॉक्सने चित्र ताणून रुंद केले होते, त्यामुळे बातम्या देणारे सगळेच जाडजूड दिसत. प्रमाण ४:३ वर आणले, बॉक्सचे आउटपुट १०८०वर ठेवले आणि टीव्हीतले कृत्रिम धारदारपणाचे सेटिंग बंद केले, एवढ्याने बराच फरक पडला. बाकीचा फरक पॅकमध्ये होता. रिचार्जच्या यादीत काही वाहिन्या एसडी आणि एचडी अशा दोन्ही रूपांत घेतलेल्या होत्या, पैसे दोन्हींचे जात होते, आणि सवयीने क्रमांक दाबला जात होता तो एसडीचाच. दुबार वाहिन्या काढून एचडी ठेवल्या आणि त्या आवडीच्या यादीत वर आणल्या.

या सर्वांनंतर तांत्रिक बाजू पूर्ण झाली असे म्हणता आले असते, पण रेकॉर्डिंग तरीही कधी कधी होत नव्हते. त्याचे कारण घराच्या शिस्तीत सापडले. गुरुजी रात्री झोपण्यापूर्वी टीव्हीच्या बोर्डावरचे बटण बंद करतात. गेली कित्येक वर्षे करत आले आहेत, आणि कोकणात विजांचा अनुभव असलेल्या कोणत्याही घरात तसेच केले जाते. जुन्या बॉक्सला त्याने काही बिघडत नव्हते. या बॉक्सला मात्र रेकॉर्डिंगसाठी सतत स्टँडबायवर राहावे लागते. पूर्ण बंद होऊन सुरू झाला की त्याला जागे व्हायला आणि कार्यक्रमांची यादी पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि पहाटेचे भक्तिसंगीत तोवर संपलेले असते. त्याहून वाईट म्हणजे हार्ड डिस्क लिहीत असताना वीज तोडली तर फाईल अर्धवट राहते. गुरुजींना सवय सोडा असे सांगणे मला प्रशस्त वाटले नाही, कारण त्यांची सवय चुकीची नव्हती. बॉक्स इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि टीव्ही जुन्या बोर्डावरच ठेवला. ते रात्री बटण बंद करतात, टीव्ही बंद होतो, बॉक्स जागा राहतो. विजांच्या काळात मात्र नुसता प्लग काढून भागत नाही, कारण वीज छत्रीवरून केबलमधूनही उतरू शकते. म्हणून खांबाला वेगळे अर्थिंग दिले आणि केबलींचे दोन्ही कनेक्टर हाताने सोडवता येतील असे भिंतीवर आणले. ते सोडवण्याचे काम काकूंनी स्वतःकडे घेतले. दोन रिमोटचा घोळ बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवून मिटला. टीव्हीचा रिमोट कपाटात गेला.

सप्टेंबर संपता संपता एका सकाळी फोन आला की निरभ्र आकाशात काही मिनिटे चित्र गेले आणि आपोआप परत आले, दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. हा दोष नाही. वर्षातून दोनदा, आपल्या अक्षांशावर मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या तोंडावर, सूर्य काही दिवस नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो. गुरुजींनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवले.

खरी हळहळ मात्र त्यानंतर आली. परतीच्या पावसात विजेचा दाब अचानक वाढून बॉक्स गेला. इन्व्हर्टर असूनही गेला. घरगुती इन्व्हर्टर वीज असताना बाहेरचाच पुरवठा पुढे सोडतो, त्याला अशी उसळी अडवता येत नाही, आणि स्टॅबिलायझर तोपर्यंत घेतलेला नव्हता. कंपनीने बॉक्स बदलून दिला. जुन्या बॉक्सच्या डिस्कवर गुरुजींच्या एका माजी विद्यार्थ्याच्या गायनाचा, सह्याद्री वाहिनीवर झालेला, कार्यक्रम होता. डिस्क शाबूत होती. पण अशा बॉक्सवरचे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद केलेले असते; ती डिस्क दुसऱ्या बॉक्सला लावली किंवा संगणकाला जोडली तरी त्यातून चित्र निघत नाही, आणि शिवाय ती कंपनीला परत द्यावी लागली. रिचार्ज संपल्यावर, म्हणजे दोघे महिनाभर मुंबईला राहून परतले तेव्हा, हीच रेकॉर्डिंग उघडत नव्हती हेही तेव्हाच लक्षात यायला हवे होते. विकत घेतलेली वस्तू आणि वापराची परवानगी यांतला हा भेद विक्रीच्या वेळी कोणी समजावत नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालत नाही, त्यामागेही हीच कुलपे आहेत; बॉक्स परस्परांत चालावेत अशी शिफारस दूरसंचार नियामक संस्था ट्रायने एप्रिल २०२०मध्ये केली होती, ग्राहकाच्या हाती मात्र अजून तसा बॉक्स आलेला नाही.

सह्याद्री ही दूरदर्शनची वाहिनी आहे आणि डीडी फ्री डिशवर, ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून, ती मासिक शुल्काशिवाय मिळते. उतरवलेली ६० सेंटीमीटरची छत्री अडगळीत पडलेली होतीच. ती गोठ्याच्या भिंतीवर त्या उपग्रहाकडे वळवली, नवे एलएनबी लावले आणि पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा एक साधा बॉक्स आणला, ज्याची किंमत महागड्या बॉक्सच्या किमतीत क्षुल्लक ठरावी. त्याचा रिमोट बेताचा आहे, कार्यक्रमांची यादी धड दिसत नाही आणि रेकॉर्डिंगची वेळ हाताने घालावी लागते. पण पेन ड्राइव्हवर जी फाईल तयार होते ती कोणत्याही संगणकावर चालते, तिची प्रत करता येते आणि ती मुलाला पाठवता येते. गेलेला कार्यक्रम परत मिळाला नाही. पुनःप्रक्षेपण झाले तर चुकू नये म्हणून गुरुजी सह्याद्रीची आठवड्याची कार्यक्रमपत्रिका पाहत असतात.

महागडा बॉक्स आता स्टॅबिलायझरच्या मागे आहे आणि मालिका, क्रिकेट व पाहून पुसून टाकण्याच्या गोष्टींसाठी वापरला जातो. त्या कामात त्याला तोड नाही. वाडीत आता फायबर इंटरनेट आले आहे आणि डीटीएच बंद करून सगळे त्यावर घ्यावे असा मुलाचा आग्रह सुरू झाला आहे. फायबरची तार विजेच्या खांबांवरून येते आणि गेल्या पावसाळ्यात ती झाडाखाली येऊन तुटली होती, हे काकूंनी त्याला ऐकवले. पुढचे रिचार्ज सहा महिन्यांचे करायचे की महिन्याचे, एवढाच प्रश्न सध्या शिल्लक आहे, आणि गुरुजींचा कल महिन्याच्या बाजूने आहे.